बांबू आधी बांधकामाला, भट्टीला नंतर

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत शहर कार्बन-तटस्थ करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. देशाने स्वतःला घालून दिलेली मुदत २०७० ची आहे. मुंबईने त्याच्या वीस वर्षे आधी तिथे पोहोचायचे ठरवले, याचे स्वागतच करायला हवे. आराखड्यासोबत हिशेबही मांडला गेला. २०१९ या एका वर्षात शहराने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे वायू हवेत सोडले. त्यातले ७२ टक्के वीज आणि इंधनाच्या वापरातून, २० टक्के वाहतुकीतून आणि ८ टक्के कचऱ्यातून. खाती तीनच. जगातली बहुतेक शहरे याच पद्धतीने मोजतात, तेव्हा मुंबईने काही लपवले असे म्हणता येणार नाही. पण ज्या शहरात गल्लोगल्ली चार मजली इमारती पाडून त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, मेट्रोचे खांब आणि उड्डाणपूल वर्षानुवर्षे ओतले जात आहेत, त्या शहराच्या हिशेबात सिमेंट, पोलाद आणि विटांना रकानाच नसावा, ही उणीव लहान नाही. सिमेंट भाजले जाते चंद्रपूर जिल्ह्यात, सळई तयार होते जालन्यात. धूर तिथे निघतो आणि तिथल्याच नावावर चढतो. मुंबईने उद्या सगळे दिवे सौर विजेवर लावले आणि सगळ्या बस विजेवर चालवल्या, तरी या धुरात काही फरक पडणार नाही. शहरांना खरोखर कार्बन-तटस्थ व्हायचे असेल, तर त्यांनी आपल्या बांधकामाच्या साहित्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे आणि मग त्यातला जमेल तेवढा भाग शेतात आणि जंगलात वाढणाऱ्या साहित्याकडे वळवला पाहिजे. महाराष्ट्राजवळ त्यासाठी लागणारे बहुतेक सगळे आहे. नाही ती शहरांची मागणी.

सिमेंटचा प्रश्न विजेपेक्षा अवघड का, हे समजून घेतले पाहिजे. सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे क्लिंकर. चुनखडी १४०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजून तो तयार होतो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर तर आहेच. पण त्याहून मोठा वाटा खुद्द दगडातून येतो. चुनखडी तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटा होतो, आणि क्लिंकरच्या प्रत्येक टनामागे असा सुमारे अर्धा टन वायू निघतो. भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हा अर्धा टन निघणारच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरला जातो आणि सिमेंट उत्पादनात भारताचा क्रमांक चीनच्या खालोखाल दुसरा आहे. दुसरी गोष्ट वेळेची. एसी किंवा दिवा वापरला की उत्सर्जन वर्षावर्षाने होते आणि पुढे वीज स्वच्छ झाली की ते आपोआप घटते. इमारतीच्या साहित्याचे उत्सर्जन मात्र पहिला रहिवासी किल्ली घेऊन आत येण्याआधीच झालेले असते. ते नंतर कोणत्याही उपायाने परत घेता येत नाही. येत्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांत जे बांधले जाणार आहे ते बहुतांशी अजून कागदावर आहे, म्हणूनच हा निर्णय आज घ्यायचा आहे.

वनस्पतींचे गणित उलटे चालते. कोरड्या लाकडाच्या किंवा बांबूच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतूनच आलेला असतो. एक टन कोरड्या बांबूने हवेतला सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. तो बांबू कुजला किंवा जाळला तर हे सगळे परत हवेत जाते. तो दरवाजात, तक्त्यात, छताच्या कैचीत अडकून राहिला तर तेवढी वर्षे कार्बनही अडकून राहतो. शिवाय त्याच्या जागी जी वीट किंवा जे काँक्रीट आले असते त्याचे उत्सर्जन टळते. यातून प्रक्रियेची वीज, डिंक आणि वाहतुकीचा खर्च वजा करावा लागतो, आणि तो प्रामाणिकपणे वजा केलाच पाहिजे. तरीही बाकी शिल्लक राहते. सागवान तयार व्हायला एक पिढी जाते. बांबूच्या बेटातून चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरवर्षी पक्व काठ्या काढता येतात आणि बेट जिवंत राहते. कोकणातला माणगा असो की विदर्भातला मानवेल, ही पिके आपल्या मातीत रुजलेली आहेत. कुडाच्या भिंती, कारवीच्या काठ्यांवर मातीचा गिलावा, बांबूचे तट्टे ही बांधकामाची रीतसर पद्धत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पिढ्यानपिढ्या चालत आली. मुंबईत आजही कितीतरी इमारतींच्या दुरुस्तीला आणि रंगाला बांबूचीच परांची चढते, काठ्यांचे सांधे दोरीने आवळले जातात आणि माणसे त्या भरवशावर कित्येक मजले वर उभी राहून काम करतात. काम संपले की हा बांबू उतरवला जातो. इमारतीच्या आत त्याला जागा नसते.

हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो चंद्रपुरात. राजुरा आणि कोरपना तालुक्यांचा पट्टा, गडचांदूर, घुग्घुस ही नावे सिमेंटशी जोडलेली आहेत. महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र, २९२० मेगावॅटचे, याच जिल्ह्यात. आणि ताडोबाच्या आसपासच्या जंगलांत बांबूही इथेच. म्हणजे मुंबई-पुण्याच्या बांधकामातून निघणारा धूर आणि त्यावरचा एक उत्तम उतारा एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी आहेत. राज्य सरकारने बांबूला गेल्या काही वर्षांत मोठा पाठिंबा दिला, हे मान्य करायला हवे. रोजगार हमीच्या माध्यमातून लागवडीला हेक्टरी सुमारे ७ लाख रुपयांपर्यंत मदत ठरवली गेली आणि २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणही मंजूर केले. परंतु या लागवडीचा खात्रीचा ग्राहक म्हणून शेतकऱ्यापुढे सर्वांत आधी नाव घेतले जाते ते औष्णिक वीज केंद्राचे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशासोबत काही टक्के जैवभार जाळणे बंधनकारक केले आहे. कोळशाऐवजी बांबू जाळला तर कोळसा वाचतो, हे खरे. पण विजेसाठी आपल्यापुढे सूर्य आहे, वारा आहे; चुनखडीला मात्र पर्याय मोजकेच आहेत, आणि त्यांतला एक आपण भट्टीत घालायला निघालो आहोत. आज जाळलेल्या बांबूतला कार्बन आजच हवेत जातो. तोच बांबू आधी तक्ता झाला, तीस वर्षे कुणाच्या घराची आतली भिंत म्हणून उभा राहिला आणि मग जळणाला गेला, तर विजेचा फायदा तेव्हाही मिळतो, आणि मधली तीस वर्षे वर. गिरणीतला भुसा, कातरण, वाकडे शेंडे, किडका माल हे जाळायला हरकत नाही. सरळ, पक्व काठी जाळणे ही उधळपट्टी आहे. धोरणात हा क्रम लिहिलेला असायला हवा: आधी बांधकाम, मग तक्ते आणि लगदा, शेवटी जळण.

बांबूचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याहून मोठा साठा दरवर्षी आपल्या शेतातच पडून असतो. महाराष्ट्रात कापसाखाली सुमारे ४० लाख हेक्टर जमीन आहे. वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उरते. हेक्टरी दोन टनच धरली तरी ती ८० लाख टन होते. थोडी सरपणाला जाते, थोडी कुंपणाला, काही शेतातच बारीक केली जाते आणि बरीच बांधावर पेटवून दिली जाते. गुलाबी बोंडअळी आल्यापासून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड, म्हणजे जुन्याच झाडांवरचे पुढचे पीक, घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटून शेताबाहेर काढा. म्हणजे ती गोळा करणे शेतकऱ्याच्या हिताचेच आहे; फक्त ती न्यायला कोणी येत नाही. पऱ्हाटीपासून भुशाचे घट्ट तक्ते, ज्यांना बाजारात पार्टिकल बोर्ड म्हणतात, करण्याचे तंत्र मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. ही संस्था १९२४ पासून काम करते आहे. असे तक्ते कपाटे, दरवाजे, आतल्या आडभिंती, फॉल्स सीलिंग यांना चालतात. यवतमाळ, अकोला, जळगाव, परभणी, जालना या पट्ट्यात तालुक्याच्या पातळीवर असे कारखाने चालले तर पुण्या-मुंबईच्या घरांना लागणाऱ्या फर्निचरच्या तक्त्यांचा मोठा हिस्सा इथूनच येऊ शकतो. डिंकाचा प्रश्न इथे आहे आणि तो टाळता येणार नाही: स्वस्त तक्त्यात वापरला जाणारा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक घरातल्या हवेला चांगला नाही, म्हणून खरेदी करताना उत्सर्जनाची मर्यादा घालावीच लागेल. भंडारा आणि गोंदियाची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या भातगिरण्यांत निघणारे तूस नीट नियंत्रित तापमानाला जाळले तर जी राख उरते तिच्यात ८५ टक्क्यांहून अधिक सिलिका असते आणि ती काँक्रीटमध्ये सिमेंटच्या काही भागाची जागा घेऊ शकते. हा कुण्या प्रयोगशाळेतला नवा दावा नाही. प्रबलित काँक्रीटचे आपले मूळ मानक आयएस ४५६, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत तुसाच्या राखेचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. पाव शतक ती ओळ मानकात आहे. निविदांत ती क्वचितच उतरली.

आता शहरात हे साहित्य वापरायचे कुठे? बांबूचा चाळीस मजली मनोरा होणार नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांनी या विषयाचे नुकसानच केले आहे. नॉर्वेत २०१९ मध्ये लाकडाची १८ मजली इमारत उभी राहिली, अमेरिकेतल्या मिलवॉकीत २०२२ मध्ये २५ मजल्यांची झाली. तिथे सूचिपर्णी लाकडाचे प्रचंड उद्योग आहेत. आपल्याकडे तसे लाकूड नाही आणि त्यासाठी जंगल तोडावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आपल्यापुढचे काम अधिक साधे आहे. मनोऱ्याचा सांगाडा काँक्रीटचा राहू दे. पण त्याच्या पोटात ज्या शेकडो आडभिंती असतात त्या कशाच्या असतात? दहा चौरस मीटरची चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह दोन टनांहून अधिक भरते. बांबूच्या किंवा पऱ्हाटीच्या तक्त्यांची तेवढीच आडभिंत, चौकटीसकट, दोन-अडीचशे किलोंत बसते. फरक फक्त विटांचा नाही. हे दोन टन खालच्या स्लॅबला, तुळईला, खांबाला आणि पायाला पेलावे लागतात. वजन कमी झाले की सगळीकडचे सिमेंट आणि पोलादही कमी लागते. दरवाजे, जमिनी, छताखालचे आच्छादन, शटरिंगचे तक्ते यांचेही तसेच. बंगळूरच्या विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे छत पाहा: लाखो प्रवाशांची ये-जा असलेल्या इमारतीत बांबू मोठ्या प्रमाणावर वापरला आहे. नव्या संसद भवनात त्रिपुरातल्या बांबूची जमीन आहे. मग महापालिकेच्या शाळेत, अंगणवाडीत, प्रसूतिगृहात, मंडईच्या छपरात, बसथांब्यात, उद्यानातल्या वाचनालयात तो का नसावा? या एक-दोन मजली इमारतींना तर बांबूचा सांगाडाही चालेल. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत बांबूवर स्वतंत्र विभाग आहे आणि बांबूच्या संरचनेसाठी आयएस १५९१२ हे मानक २०१८ मध्ये सुधारून आले आहे. ‘नियमात बसत नाही’ हे कारण आता कोणाही अभियंत्याने पुढे करू नये.

सर्वांत मोठा आक्षेप आगीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूतच उभारलेल्या त्याच्या वास्तूला मे २०२२ मध्ये आग लागली आणि ती जळून गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये दुरुस्ती सुरू असलेल्या निवासी मनोऱ्यांना आग लागून दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या इमारतींभोवती बांबूची परांची होती. बांबू जळतो, हे कोणीही नाकारू नये. पण दोन्हीकडून शिकायचे ते नेमके शिकले पाहिजे. हाँगकाँगच्या तपासात बोट दाखवले गेले ते परांचीवर लावलेल्या निकृष्ट जाळ्यांकडे आणि खिडक्या झाकणाऱ्या फोमच्या तक्त्यांकडे. चिचपल्लीसारखी उघड्या काठ्यांची, वाऱ्याला खुली, मोठी छपरे ही आगीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक रचना असते. एक कोपरा पेटला की सगळे पेटते. कुडाच्या भिंतीत काठी मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याआड झाकलेली असते, तिला हवा मिळत नाही. दाबून केलेले जाड तक्तेही बाहेरून कोळसत जातात आणि आतला गाभा काही काळ टिकतो; तो काळ किती, हे मोजता येते, आणि तो मोजल्याशिवाय वापरू नये. म्हणून माझे मत असे आहे की शहरात उघड्या काठ्यांच्या देखण्या छपरांचा हट्ट सोडावा, गिलाव्याआडचा आणि दाबीव तक्त्याचा बांबू घ्यावा, आणि प्रत्येक मालाला अग्निचाचणीचा दाखला सक्तीचा करावा. आग अडवणारे नियम प्लायवूडला, फोमला आणि प्लास्टिकच्या दर्शनी आवरणांनाही तितक्याच कडकपणे लागू व्हावेत. आपल्या इमारतींतल्या आगी त्यांच्यामुळेही पसरतात.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. कच्च्या, पिठूळ काठीत भुंगेरे शिरतात, खाली पिवळसर भुकटी पडू लागते आणि दोन वर्षांत काठी पोकळ होते. ज्यांनी हे पाहिले ते बांबूवर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत. दोष काठीचा नसतो, घाईचा असतो: तीन वर्षांहून लहान काठी तोडली, पावसाळ्यात तोडली, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवली नाही, आणि तळ ओल्या जमिनीत पुरला. हे चारही टाळता येतात. वनस्पतिजन्य साहित्य मुळातच अल्पजीवी असते असे ज्यांना वाटते त्यांनी वेरूळ आठवावे. पुरातत्त्व खात्यातले शास्त्रज्ञ राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे दाखवले. सुमारे दीड हजार वर्षे तो गिलावा तिथे आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती आणि तिथे कीटकांनी बरेच नुकसान केले, असेही त्यांनी नोंदवले.

मराठी मनातली खरी भीती मात्र भुंगेऱ्यांची नाही, किल्लारीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर-धाराशिव भागात सुमारे ८ हजार माणसे गेली आणि त्यानंतर मराठवाड्यात ‘स्लॅबचे घर’ ही सुरक्षिततेची व्याख्याच झाली. ते समजण्यासारखे आहे. पण त्या पहाटे माणसे कशाखाली गाडली गेली? दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर, या वजनाखाली. भूकंपात वजन मारते, आणि बांबूची भिंत ही हलक्या भिंतींमध्ये मोडते. कोलंबियाने हा धडा घेतला. जानेवारी १९९९ मध्ये आर्मेनिया शहराच्या परिसरात भूकंपाने हजाराहून अधिक बळी घेतले. तिथे बांबूच्या काठ्यांवर गिलावा केलेली जुनी घरे, आपल्या कुडाच्या नात्यातलीच, अनेक ठिकाणी वाईट विटकामापेक्षा चांगली टिकली. त्या देशाने त्यांचा अभ्यास केला आणि बांबूच्या घरांचे नियम आपल्या भूकंपरोधक संहितेतच घातले. आपल्याकडे मानके आली, पण सरकारी नजर बदलली नाही. जनगणनेच्या व्याख्येत बांबूच्या भिंतीचे घर आजही पक्के घर ठरत नाही. एका खात्याने बांबू लावायला पैसे द्यायचे आणि दुसऱ्याने बांबूच्या घराला गरिबीची खूण मानायचे, हे यापुढे चालू ठेवता येणार नाही. मानकाप्रमाणे प्रक्रिया केलेल्या आणि अभियंत्याने तपासलेल्या बांबूच्या घराला पक्क्या घराचा दर्जा, घरकुल योजनेचे पैसे आणि बँकेचे कर्ज मिळालेच पाहिजे. ज्याच्याकडे निवड आहे त्याने बांबूचे फार्महाऊस बांधायचे आणि ज्याला ती नाही त्याच्यावर बांबू लादायचा, असे होऊ नये. म्हणूनच सुरुवात सरकारी इमारतींपासून व्हावी.

जमिनीचा आणि जंगलाचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शहराची भूक मोठी असते. ती बांबूकडे वळली तर सुपीक जमिनीवर एकाच जातीची हजारो हेक्टर लागवड होईल, आणि मानवेलासारख्या जातीला एकदम फुलोरा आला की बेटेच्या बेटे वाळून जातात हे विदर्भाला माहीत आहे. जंगलाच्या बाबतीत इतिहास आणखी कडू आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी कर्नाटकात केलेल्या अभ्यासातून दिसले की कागद कारखान्याला जंगलातला बांबू टनाला दीड रुपयाने मिळत होता, तेव्हा बाजारात त्याचा भाव दीड हजारांच्या घरात होता. तो महागाचा बांबू ज्यांना घ्यावा लागे ते टोपल्या विणणारे बुरूड. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने या व्यवस्थेला उत्तर दिले. वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देशात असे प्रथमच घडले. त्यानंतर २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, आणि शेतकऱ्याला तो तोडण्या-नेण्याची मोकळीक मिळाली. शहरांची खरेदी या दोन वाटांनीच यायला हवी: बांधावरचा, पडीक आणि नापीक जमिनीवरचा शेतकऱ्याचा बांबू, आणि ग्रामसभेने स्वतः ठरवलेल्या दराने विकलेला जंगलाचा बांबू. पऱ्हाटी, तूस, गव्हाचे काड यांना तर नवी जमीन लागतच नाही, म्हणून शहरांनी भर त्यांच्यावर द्यावा असे मी म्हणेन. बुरूड समाजाच्या हातातले कौशल्यही या साखळीत मजुरीच्या दराने नव्हे, कारागिराच्या दराने मोजले जावे.

एक आक्षेप असा येतो की हे सगळे करूनही सिमेंट फार तर काही टक्क्यांनी घटेल, आणि दरडोई उत्सर्जन इतके कमी असलेल्या देशाने हा भार का उचलावा. काही टक्केच घटेल, हे मला मान्य आहे. म्हणूनच वनस्पतिजन्य साहित्य हा एकटा उपाय नाही. फ्लाय ॲश आणि भाजलेल्या मातीची भर घातलेले कमी क्लिंकरचे सिमेंट, आणि दुरुस्तीयोग्य इमारत न पाडणे, हे त्याच्या बरोबरीचे आहेत. पुनर्विकासाच्या घाईत तीस-चाळीस वर्षांच्या धडधाकट इमारती पाडल्या जातात, तेव्हा त्यांतले सगळे सिमेंट दुसऱ्यांदा भाजावे लागते. पण भाराचा मुद्दा इथे लागू होत नाही. परदेशातून तंत्र विकत आणण्यासारखे यात फारसे काही नाही. शहराने तक्त्यांवर केलेला खर्च यवतमाळच्या आणि गडचिरोलीच्या खिशात जाणार आहे. भार म्हणून नव्हे, ग्रामीण भागाशी होणारा अधिक न्याय्य व्यवहार म्हणूनही हे करण्यासारखे आहे.

अडते ते कुठे, हे महापालिकेच्या बांधकाम विभागात काम करणाऱ्या कोणालाही माहीत असते. अंदाजपत्रक दरसूचीवरून होते. ज्या बाबीचा दर सूचीत नाही, ती घालायची तर स्वतंत्र दरविश्लेषण करावे लागते, वरून मंजुरी घ्यावी लागते आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर सही करणाऱ्याने उत्तर द्यायचे असते. कोणता कनिष्ठ अभियंता हा धोका पत्करेल? तो वीट आणि सिमेंट लिहितो आणि ठेकेदारालाही तेच सोयीचे असते. त्यामुळे बांबूची लागवड वाढते, प्रशिक्षण वर्ग होतात, प्रदर्शने भरतात, कुडाळच्या कॉनबॅकसारख्या संस्था वीस वर्षे चांगले काम करतात, आणि तरीही मागणी तुरळक राहते. युरोपात हे कोडे कायद्याने सोडवले. फ्रान्सने २०२२ पासून नव्या इमारतींच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बनवर मर्यादा घातली, डेन्मार्कने २०२३ पासून एक हजार चौरस मीटरहून मोठ्या इमारतींवर तशीच मर्यादा लावली, आणि दोन्हीकडे ती टप्प्याटप्प्याने कडक होते आहे. मर्यादा आली की कोणते साहित्य घ्यायचे हे बांधणाराच ठरवतो. सरकारला त्याच्या हाताला धरून बांबू लावायला सांगावे लागत नाही. आपल्याकडेही २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने इमारतींच्या संहितेचा आवाका ऊर्जेपलीकडे नेला आहे. त्या आधारावर राज्य पुढे जाऊ शकते.

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकांकडे म्हणून पाच मागण्या आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या तिन्हींना नवा कायदाही लागत नाही. हवामानाच्या वार्षिक हिशेबात बांधकाम साहित्याचे चौथे खाते उघडा आणि ते लोकांपुढे ठेवा. राज्याच्या दरसूचीत प्रक्रिया केलेला बांबू, बांबूचे आणि पऱ्हाटीचे तक्ते, कुडाची भिंत आणि तुसाच्या राखेचे काँक्रीट यांचे दर घालून घ्या. येत्या अर्थसंकल्पापासून महापालिकेच्या प्रत्येक नव्या शाळेत आणि अंगणवाडीत आतल्या आडभिंती, दरवाजे आणि छताखालचे काम याच साहित्यात करा. मोठ्या खासगी बांधकामाला परवानगी देताना साहित्याच्या कार्बनचा तक्ता मागा आणि तीन वर्षांनी त्यावर मर्यादा घाला. आणि राज्य सरकारला सांगा की अनुदानाच्या पैशांतून वाढलेला पक्व, सरळ बांबू थेट वीज केंद्राच्या भट्टीत जाऊ देऊ नये. आराखड्याची मुदत २०५० ची असली, तरी तेव्हाच्या मुंबईच्या बऱ्याचशा भिंती येत्या दहा-पंधरा वर्षांतच उभ्या राहणार आहेत.